हात बघणारी सिस्टर

रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत मी नर्स होते. रंगानं कातडी खराब होते, म्हणून दर महिन्याला मी सगळ्या कामगारांचे हात तपासत असे. तर हे टगे मला ज्योतिषीण म्हणायचे. "सिस्टर, नशिबात दुसरं लगीन हाय का बघा!" मी म्हणे, "पहिलीनं हाकललं तर होईल. बोटं फाकव आधी."

गडब गावचा विठू मात्र कधी चेष्टा करत नसे. पिवळ्या रंगाची पोती भरायचा, पण हातमोजे घालून. त्याचे हात कायम लख्ख. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. त्या महिन्यात सगळे गेले तरी तो दारात घुटमळत राहिला.

"सिस्टर, घरच्या मानसाचा हात बघाल का? गेटवर हाय."

त्याची बायको पुतळी हात पदराखाली घेऊनच आत आली. ती पेणला चंद्रावतीबाईंकडे पोह्याचे पापड लाटायची. हातावर चट्टे उठले तसं त्यांनी तिला घरी बसवलं. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली. सख्खी जाऊ तिच्या हातचं पाणी घेईना. ऐकून माझं डोकंच फिरलं.

"हात दाखव गो," मी म्हटलं.

बोटांच्या बेचक्यात भेगा, मनगटापर्यंत लाल चट्टे. आणि नखांच्या कडेला पिवळं. ते पिवळं माझ्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"याचे कपडे कोण धुतं?"

"मीच की. किती चोळलं तरी रंग सुटत नाय वो."

मी कंपनीच्या डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. त्यांनी स्वच्छ सांगितलं, हा महारोग नाही. कंपनीच्या रंगानं झालंय, कुणाला लागत नाही, कपडे धुणं थांबवलं की बरं होईल. पुतळी तिथेच रडायला लागली. विठू आपल्या लख्ख हातांकडे बघत उभा राहिला.

सुपरवायझर दत्तात्रेय म्हणाले, "सिस्टर, ती कुठं आपली कामगार आहे?"

"खरंय. पगार मिळत नाही तिला," मी म्हटलं आणि तिला मलम दिलं.

रविवारी पेणला जाऊन चंद्रावतीबाईंनाही चार शब्द सुनावले. त्या वरमल्या. हात बरे झाले की पाठवा, म्हणाल्या. तोवर विठूनं हातमोजे घालून आपले कपडे आपण धुतले. विहिरीवर बायका खिदळल्या. खिदळू देत.

पुढच्या तपासणीला त्यानं माझ्या टेबलावर पापडांची पुडी ठेवली. "हिनं लाटलेत."

मी तिथेच शेगडीवर एक भाजला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला. मग रांगेतल्या कान्हूनं दोन्ही हात पुढे केले. "सिस्टर, आता आमचं नशीब बघा!"

मी त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. "कान्हू, तुझे कपडे कोण धुतं?"

त्याचं हसू मावळलं.

"आई," तो म्हणाला. "तिचे हात पन... आमाला वाटलं, म्हातारपनानं झालंय."