नमुना नंबर तीन

मी एक स्पोर्ट्‌स कार बोलतेय. माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण नाव ठरायच्या आतच कंपनीने माझा नाद सोडला.

इंग्लंडमधल्या एका कारखान्यात आम्ही तिघी नमुना म्हणून हातांनी घडवल्या गेलो. साहेबांनी चालवून पाहिलं, नाकं मुरडली आणि तिघींना मोडीत काढायचा हुकूम दिला. मला मात्र एका फिटरने ताडपत्रीखाली दडवलं. डिकीच्या झाकणाला आतून त्याने मेणखडूने ‘नमुना ३’ लिहून सही केली. तीच माझी ओळख, दुसरा कागद नाही.

पुढे पुण्याच्या गुरुनाथरावांनी मला टेक्सासला, फ्रिस्कोतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये आणलं. ऑफिस सुटलं की ते माझ्याखाली आडवे. पण माझे पार्ट मिळणार कुठे? इंजिन शेवटपर्यंत सुरू झालं नाही. मग त्यांच्याच हृदयाने दगा दिला. घर विकून अ‍ॅशबर्नला मुलाकडे, जयकडे, जायचं ठरलं. तिथे माझ्यासाठी जागा नव्हती. नशिबाने एक म्युझियम मला घ्यायला तयार झालं. त्यांचा माणूस तपासायला येणार होता.

त्याआधी दसरा आला. दरवर्षी पूजा चालत्या गाडीची व्हायची. यंदा त्यांच्या बायकोला, सुवर्णाबाईंना, वाटलं, ही आता सासरी निघाली, हिचीही करू. त्यांनी मला आतून-बाहेरून पुसलं, डिकीतले ‘डाग’ थिनरने घासून काढले आणि तिथे कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मला ओरडायचं होतं. माझा हॉर्नसुद्धा चालत नव्हता.

म्युझियमच्या माणसाने ते लिखाण दाखवा म्हटलं. गुरुनाथरावांनी डिकी उघडली आणि स्वस्तिकाभोवती बोटांनी चाचपून पाहिलं.

“अहो, ते मी क्लीन केलं,” सुवर्णाबाई म्हणाल्या. “मला वाटलं ग्रीस आहे.”

“जाऊ दे गं. तसंही फेडच झालं होतं.”

साफ खोटं. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

गुरुनाथरावांनी त्या लिखाणाचे जुने फोटो दाखवले, पण त्या माणसाने ते मानले नाहीत. हौसेने बनवलेली नक्कल, असं म्हणून तो गेला. जय फोनवर म्हणाला, “बाबा, जस्ट स्क्रॅप इट. फ्रायडेला हाउसचं क्लोजिंग आहे, चाव्या द्यायच्यात.”

आता मी भंगारच्या यार्डात उभी आहे. पुढे दोनच गाड्या उरल्यात. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मला न्यायला ट्रक आला तेव्हा सुवर्णाबाई बाहेरसुद्धा आल्या नाहीत. चार दिवस त्या नवऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हत्या. कुणाला भेटल्या तर एवढं सांगा, मला त्यांचा राग नाही. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

क्रेन इकडे वळली. येते मी.