पाचपैकी एक

मी एक अभिप्रायाचा फॉर्म बोलतोय. सत्र संपलं की विद्यापीठात मुलांना वाटतात ना, 'कोर्स कसा वाटला, शिक्षक कसे शिकवतात' असं विचारणारे कागद, त्यातलाच एक. माझा क्रमांक सतरा. दिसायला साधा आहे, पण माझ्या जन्मासाठी समितीच्या अकरा बैठका झाल्यात, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या चार बैठका माझ्या रंगावर गेल्या. शेवटी फिकट पिवळा ठरला. मग 'मत' म्हणायचं की 'अभिप्राय', यावरून दोन सभासदांचं आठवडाभर बोलणं बंद होतं. दहा प्रश्न ठरले, प्रत्येकाला एक ते पाच गुण ठरले. त्यात एक चांगला की पाच, हे छापायचं मात्र राहून गेलं. छापखान्यातून बाहेर पडतानाच माझ्या ते लक्षात आलं होतं, पण फॉर्मचं ऐकतो कोण?

माझी रवानगी नकाशावाचनाच्या वर्गात झाली. तिथल्या बाई कंत्राटावर होत्या. सरासरी तीनच्या खाली गेली की कोर्स बंद, आणि कोर्स बंद झाला की बाई घरी, असा नियम. शिक्षकानं समोर थांबायचं नाही, असाही एक नियम होता. म्हणून बाई बाहेर गेल्या आणि तेवीस मुलांनी पेनं काढली.

मी जिच्या वाट्याला आलो होतो, तिनं मान वर केली. "मामा, एक चांगला की पाच?"

फॉर्म वाटून शिपाईमामा दाराला टेकले होते. "पहिला नंबर कधी वाईट असतो का गं?"

झालं. मामांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिनं माझ्यावर वरपासून खालपर्यंत एक-एक-एक असं भरलं आणि खालच्या रिकाम्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं : 'पहिल्याच तासाला बाईंनी आम्हाला मुद्दाम रस्ता चुकवला आणि हातात नकाशा दिला. आता मी कुठंच हरवत नाही. घरी बाबासुद्धा मलाच रस्ता विचारतात. हा कोर्स बंद करू नका, माझ्या धाकट्या बहिणीला घ्यायचाय.'

खरं सांगतो, मला भरून आलं.

पुढचा मुक्काम कारकुनाच्या टेबलावर. तो भराभर आकडे कॉम्प्युटरमध्ये घालत होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "आणि खाली लिहिलंय ते?"

"त्याला रकाना नाही," तो म्हणाला आणि त्यानं मला उपडं केलं.

मग आढाव्याची बैठक. भिंतीवरच्या तक्त्यात समितीच्या अध्यक्षांचा स्वतःचा विषय सगळ्यांत वर होता, ४.८. नकाशावाचन तळाला, १.१.

"बाई, मुलांना तुमचं शिकवणं अजिबात आवडलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "कोर्स बंद करावा लागेल."

"मी कुठं चुकले तेवढं कळलं तर बरं होईल, सर. एखादा फॉर्म बघू का?"

"छे, ते गोपनीय असतात. तुम्ही अक्षर ओळखाल."

बाईंनी मान खाली घातली. मी हातभर अंतरावर गठ्ठ्यात गुदमरत होतो. पोटात सगळी साक्ष, आणि तोंड नाही. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात चहाचे कप ठेवता ठेवता मामांचा हात थांबला. "साहेब, एक म्हणजे पहिला नंबर, असं मुलांना मीच सांगितलं होतं. बाईंचा काही दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला."

समितीतल्या गणिताच्या सरांनी घसा साफ केला. "सोपं आहे. सहातून वजा करा. बाईंचे ४.९ झाले."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अध्यक्षही हसले. "मामा, हे तुम्ही फक्त त्याच वर्गात सांगितलंत ना?"

"नाही साहेब. फॉर्म सगळीकडे मीच वाटले. ज्यानं विचारलं त्याला हेच सांगितलं." मामा जरा घुटमळले. "तुमच्या वर्गात तर कोणी न विचारताच सांगितलं. म्हटलं, साहेबांचं नुकसान नको."

गणिताच्या सरांनी वजाबाकीसाठी तोंड उघडलं आणि लगेच त्याला चहाचा कप लावला. फॉर्म सदोष आहेत, आढावा रद्द, सगळे कोर्स आहेत तसे चालू, हे ठरवायला समितीला अर्धं मिनिटही लागलं नाही.

रद्द झालेल्या कागदाला कसली आली गोपनीयता? कारकून गठ्ठा रद्दीत टाकायला निघाला, तेव्हा बाईंनी तो मागून घेतला. व्हरांड्यातच उभ्या राहून त्या एकेक फॉर्म चाळू लागल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. अक्षर ओळखलं असणार, पण नाव घेतलं नाही. चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "वेडी कुठली."

आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात असतो. माझ्या वारसासाठी नवी समिती बसली आहे आणि सध्या रंगावर चर्चा चालू आहे, असं ऐकतो. तुमच्या हाती माझा एखादा भाऊबंद आला, तर आकडे हवे ते घाला, पण खालची जागा कोरी सोडू नका. पेपर तपासून दमल्या की बाई खण उघडतात आणि मला पुन्हा एकदा वाचतात.