सगुणा परत आली नाही

“शेवटची पानंच न्हाईत, आजी. उद्या तपासणीला साहेब येऊन राहिले. असलं पुस्तक बाद करा म्हणतेत.”

डोंगरकडा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल उत्तमरावांनी ते बालगोष्टीचं पुस्तक पुढं केलं आणि चतुराबाईंनी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं. पन्नास वर्षांपूर्वी, लग्नाआधी, त्यांनीच लिहिलेलं. वर नाव माहेरचं; ते त्यांचंच, हे गावात एकट्या उत्तमरावांना ठाऊक. दोन कादंबऱ्याही लिहिल्या होत्या म्हणे! लग्नात नाव गेलं, आडनाव गेलं, आणि सासरी बाईनं लिहिणं म्हणजे भिकेचे डोहाळे. कादंबऱ्यांचं काय झालं देव जाणे. उरलं होतं ते हे एवढंच.

“कोरे कागद घ्या. शेवट मी सांगते, तुमी लिहा. चिकटवून टाकू.”

बाई सांगू लागल्या. सगुणा शेळीमागं रानात गेली, वाट चुकली, नदीला पूर आला... आणि गाडी अडली. पुढचं काही केल्या आठवेना. पोटच्या लेकराचं तोंड विसरावं, तसं वाटलं त्यांना. डोळेच भरून आले.

ओटा सारवणारी पेमा हसली. “काहून अडल्या आजी? सगुणा शेळी खांद्यावर घेऊन पल्याड गेली की! तिकडल्या म्हातारीनं तिला ठेवून घेतली, साळंत घातली. वापस आलीच न्हाई ती.”

“तुला गं कसं ठावं? तुला तर वाचता येत न्हाई.”

“माय सांगायची. तिनं हितंच ऐकली, मास्तर लेकरायला वाचून दावायचे तवा. माझी पोरं ती ऐकल्याबिगर जेवत न्हाईत.”

तेव्हा कुठं बाईंना आठवलं. त्यांची सगुणा घरी परतली होती. बापाचे पाय धरून, उंबरा ओलांडणार नाही म्हणून शपथ घेतली होती तिनं. खाली ठळक अक्षरात तात्पर्य. थोरामोठ्यांनी पाठ थोपटली होती. जळो मेलं ते तात्पर्य! पेमाच्या आईनं लेकीला सांगताना शेवटच गुपचूप बदलला होता.

“बराबर हाय का, आजी?” उत्तमरावांनी विचारलं.

“अगदी बराबर. पेमा, सावकाश सांग. उत्तमराव, तिचा एक शब्द बदलू नका.”

चार पानं भरली. “खाली तुमचं नाव घालू?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. “पेमा, तुझ्या आईचं नाव काय गं?”

“जिवनबाई. काहून?”

बाईंनी पेन मागून घेतलं. अक्षर वाकडं आलं: ‘शेवट जिवनबाईचा.’ लग्नानंतर त्यांनी लिहिलेली ती पहिली ओळ.