चौथ्या गिअरमध्ये गप्प

घणसोली गावातल्या त्या बोळात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. देवजींची जुनी काळी गाडी झेंडूच्या माळांखाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आळीतला प्रत्येक नवरदेव याच गाडीतून मांडवात गेलेला. पण देवजी वारले आणि महिन्याभरात गाडी रडायला लागली.

‘रडायला’ हा शब्द गोटीराम भगताचा. पहिल्या गिअरला गाडी कण्हायची, दुसऱ्याला विव्हळायची. भगतानं बॉनेटला कान लावला आणि डोळे पांढरे करून निदान सांगितलं, की देवजीचा जीव हिच्यात अडकलाय. खाली काळे थेंब पडत, ते त्याचे अश्रू. बायका त्या थेंबांभोवती रांगोळी काढून हळदकुंकू वाहू लागल्या.

मग दर अमावास्येला शांती. गाडीला चादरींचा आडोसा करायचा, सगळ्यांना लांब बसवायचं. देवजींची बायको गोजरा डझनभर केळी नैवेद्याला द्यायची. भगत केळी आणि भस्माची पिशवी घेऊन आत जायचा, तासाभरानं फक्त सालं घेऊन बाहेर यायचा. “देवजी जेवला,” म्हणायचा. गाडी सुरू करायचे, तर खरंच आवाज नाही! दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रडणं, पुन्हा केळी. आज मात्र कायमचा तोडगा होता. गाडी भगताच्या मठाला अर्पण करायची, म्हणजे मुलाच्या, केतनच्या लग्नाआधी बापूस सुटेल.

आणि बापूस अडकला कुणामुळे? तर लेकीच्या नजरेमुळे. सुचिता लहानपणापासून बापाशेजारी गाडीखाली झोपायची, हातात टॉर्च धरून. आता ती आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग घेते, नेरूळला राहते. भगतानं तिचं नाव घेतलं तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. गोजरा बाळंतपणाला आली नाही. बारशालाही नाही. माहेरची कुंचीसुद्धा आली नाही. अबोलीला शेजारणीनं दिलेली कुंची घालून पाळण्यात ठेवलं, त्या दिवशी सुचितानं मनात एक गाठ मारली. रडली नाही.

चमत्कार दाखवायला केतननं तिला मोबाइलवर चित्रफीत पाठवली होती, शांतीआधीची आणि नंतरची. अबोलीला पाजताना सुचितानं ती चाळीसेक वेळा ऐकली. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला आवाज, चौथ्याला गायब. बापाचा जीव चौथ्या गिअरमध्येच का गप्प बसावा? कारण या गाडीत चौथ्याला इंजिनचा जोर सरळ मागे जातो, गिअरबॉक्समधल्या खालच्या दांड्यावर भार पडत नाही. म्हणजे दुखणं त्या दांड्याच्या बेअरिंगचं. आणि शांतीनंतरचा आवाज बरा झालेला नव्हता, तोंडावर उशी दाबल्यासारखा होता. हे कशानं होतं तेही तिला बाबांनीच सांगितलं होतं.

त्या काळच्या या गाडीत दोन तऱ्हेचे गिअरबॉक्स येत, वरून जुळे भाऊ. फरक फक्त खाली कोरलेल्या नंबरात. दहा वर्षांची असताना तिनं त्यावर कागद धरून पेन्सिल घासली होती. तो कागद अजून तिच्याकडे होता. त्याच्या आधारानं तिनं कुर्ल्याच्या भंगारातून बरोबर बेअरिंग शोधलं, आणि मग वाट बघितली. तिला एकांत नको होता. तिला हीच गर्दी हवी होती, जिच्यासमोर तिचं नाव घेतलं गेलं होतं.

कडेवर सात महिन्यांची अबोली, रिक्षात जॅक आणि पाने. ती आली तशी बोळात कुजबुज सुरू झाली.

“तू कशाला आयलीस?” गोजरानं तोंड फिरवून विचारलं.

“बाबांची गाडी निघाली ना, आई? निघणाऱ्या लेकीची ओटी भरतात. मी तेल भरते. जुनं काढून नवं.”

भगत आडवा आला. बाईमाणसानं खाली जायचं नाही, कोप होईल, वगैरे बरंच बोलला. पण ओटीचं म्हटल्यावर बायकाच मध्ये पडल्या, आणि केतननं स्वतः जॅक लावला. वर्ष सरेपर्यंत बापाच्या गाडीखाली कुणी जायचं नाही म्हणून घरानं त्यांचे पाने फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवले होते. तेल थेंबथेंब गळून गेलं, कुणी बघितलं नाही.

सुचितानं अबोलीला केतनकडे दिलं आणि खाली गेली. परात ठेवली. गिअरबॉक्सचा बोल्ट सावकाश सोडला, अगदी सावकाश. भगताच्या कपाळावर घाम यायला तिनं पुरेसा वेळ दिला.

तेल आलं नाही. तिनं तार घालून ढवळलं, तेव्हा लगदा आला. करडा, चिकट, आंबलेला. वाटीभर घेऊन ती भगतापुढे उभी राहिली.

“घ्या काका. देवजीच्या पोटातलं तीर्थ. पहिला मान तुमचा.”

भगत मागे सरला. ती एक पाऊल पुढे गेली.

“घ्या ना. दर अमावास्येला तुमीच भरवलंय.”

तिनं लगदा फडक्यावर घेतला, रॉकेलनं धुतला. उरला पिवळा लाकडाचा भुसा. हेच भस्म. गोजरानं वाकून वास घेतला. स्वतःच्या परसातल्या केळ्यांचा वास तिला कुणी सांगायला नको होता.

“हा तर गाड्यांचा दलाल होता पनवेलला,” सुचिता म्हणाली. “खराब गिअरबॉक्समध्ये भुसा आणि केळी कोंबून गिऱ्हाइकाला आवाज ऐकू द्यायचा नाही. बाबांनी एकदा पकडला होता याला, तेव्हा टॉर्च मीच धरला होता. ते गेल्यावर त्यांच्याच गाडीत कोंबायला आला.”

भगत निसटू बघत होता. बायकांनी बोळ सोडला नाही. पोलीस येईपर्यंत त्याला परातीसमोर बसवून ठेवलं, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखालची तक्रार सुचितानं स्वतःच्या अक्षरात लिहिली. एक ओळही मवाळ केली नाही.

बेअरिंग बदलायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी गाडी चारही गिअरला नीट चालली.

त्या संध्याकाळी गोजरानं ट्रंकेतून हिरवी खणाची कुंची काढली, जरीची, हातानं शिवलेली, सात महिने घडी घातलेली. अबोलीच्या डोक्यावर घालून बघितली. कुंची आता लहान पडली, बसली नाही. गोजरा पुन्हा पुन्हा नाडी ओढत राहिली.

म्हणून हात जोडून सांगणं एवढंच. यंत्र ओरडलं तर आधी वाकून खाली बघा, तेल आहे का ते बघा. आणि कुणी घरच्याच लेकीकडे बोट दाखवलं, तर त्या माणसाला चादरीआड काय चाललंय ते उघड्यावर करून दाखवायला सांगा. बेअरिंग कुर्ल्याला मिळतं. ती कुंची बसायचे दिवस कुठेच मिळत नाहीत.