आतले दोरे

ताहेरानं फाटलेल्या टायरच्या आत हात घालून बोटं सावकाश फिरवली. समोर पिकअपवाला सुभाष उभा होता. त्याच्या मागं डोंगराकडच्या बाया, निरगुडसरला कांदे काढायला निघालेल्या. सुभाषनं स्टेपनी लावून रिकामी गाडी तिच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत कशीबशी आणली होती, आणि त्या मागून चालत आल्या होत्या.

"उतारावर धारेचा दगड लागला, भाभी," सुभाष म्हणाला. "पर गाडी एका बाजूला वढली न्हाई. हळूहळू बसत गेली. खाली दरी व्हती."

ती स्टेपनी म्हणजे त्याच्या गाडीचाच जुना टायर. मागच्या आठवड्यात त्याच्या कडेला फुगा आला होता. आतून ठिगळ लावून द्या, म्हणून सुभाष अडून बसला होता. ताहेरानं मानलं नव्हतं. रबर हवा कोंडून धरतं, पण तिचा जोर आतले दोरे पेलतात. ते तुटले म्हणूनच फुगा आलाय, असं सांगून तिनं त्या जागी आज फाटलेला हा दुसरा टायर बसवला होता. तो पुटपुटतच गेला होता.

बायांमधली थोरली झुंबरबाई पुढं आली. "बाय, आमाला कुणी धरलं गं?"

ताहेरानं टायर तिच्याकडं वळवला. रस्त्याला घासणारा जाड थर चिरला होता, त्याखालच्या पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. "दगडाचा मार ह्या तारांनी खाल्ला. म्हणून हवा एकदम गेली न्हाई. आन् ही आतल्या कडेची तार. हवा कमी झाली तरी हिनं रिंग सोडली न्हाई."

झुंबरबाईनं त्या कडेवरून बोट फिरवलं आणि गाडीला लावलेल्या स्टेपनीकडं पाहिलं. "आन् ह्याच्या जागी त्यो फुगलेला असता तर?"

"उतारावरच फुटला असता," सुभाष म्हणाला.

झुंबरबाईनं ताहेराच्या वंगणानं काळ्याकुट्ट झालेल्या चेहऱ्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

ताहेराचे डोळे भरून आले. "मला नका, आजी. ह्यांनी शिकवलंय."

बाजेवर तिचा नवरा हनीफ बसला होता. अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा उजवा हात गेला, तेव्हा दुकान बंद करू म्हणून ती रडली होती. त्यानं ऐकलं नाही. बाजेवरून तो सांगत गेला, चिडत गेला, आणि ती करत गेली. झुंबरबाईनं त्याच्यावरूनही हात ओवाळून बोटं मोडली. तो ओशाळून हसला.

पण सुभाषच्या गाडीच्या मापाचा टायर दुकानात नव्हता. होता तो दुकानामागं उभ्या असलेल्या हनीफच्या पिकअपला. झटक्यापासून ती गाडी हलली नव्हती, तरी दर शुक्रवारी तो ती पुसून घ्यायचा. ताहेरा त्या गाडीचं नाव काढायला धजेना.

हनीफनं बायांकडं पाहिलं. "माझ्या गाडीचा काढ," तो म्हणाला. मग फुगलेल्या स्टेपनीकडं बघून, "दोन काढ. स्टेपनीलाबी चांगला पायजे."

ताहेरानं हनीफच्या गाडीला जॅक लावला. नट गंजले होते. पाना लावून, सगळा भार टाकून तिनं ते सोडवले. एक टायर सुभाषच्या गाडीला बसवला, दुसरा स्टेपनीला दिला. सुभाष पैशाचं विचारायला गेला, तर हनीफनं डाव्या हातानं त्याला गप्प केलं.

बाया गाडीत चढल्या. ऊन वर आलं होतं, अर्धा रोज बुडाला होता, तरी त्या हसत होत्या. गाडी निघाली तशी ताहेरा चाकं बघत उभी राहिली. हनीफनं बाजेवर बूड सरकवून दुकानाकडं आणि जॅकवरच्या आपल्या गाडीकडं पाठ केली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्याकडं पाहत राहिला.