धुळीवरचा गूळ

फौंड्रीच्या मालकाला धूळ म्हणून सोसायची नाही. त्यामुळं २००४ च्या उन्हाळ्यात मेकॅनिक संघर्ष दर महिन्याला त्याच्या बंगल्यावर एसीची जाळी धुवायला जायचा.

याच मालकाच्या शिरोलीतल्या फौंड्रीत संघर्षच्या बापानं, दादासोनं, वीस वर्षं वाळूचे साचे फोडले होते. कामगारांनी तोंडाला बांधायला मास्क मागितले, तर मालकानं सुटीच्या भोंग्याला प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची पद्धत पाडली. "गूळ खा, छाती साफ ऱ्हाती," म्हणायचा. दादासोनं तो इमानानं खाल्ला आणि पन्नाशीच्या आत काळं थुंकत, धापा टाकत गेला.

त्या दिवशी संघर्षनं जाळी काढली, तर ती मधोमध फाटलेली.

"नवी मागवाय लागंल. चार दिवस जातील," तो म्हणाला.

मालकाचा चेहरा उतरला. "मला एसीबिगर झोप न्हाय. असाच चालवला, तर ही सगळी धूळ माझ्या छातीत जायची की. चार दिवस मी करू काय?"

संघर्षनं हात पुसले, पिशवी खांद्याला लावली आणि पायात चपला सरकवल्या.

"गूळ खावा, मालक."