खांबाच्या वाट्याचं पाणी

"ते पाणी तिथं वतू नगंस, बनाबाई," महारुद्र चेअरमन गिरणीच्या दारातून म्हणाले.

बनाबाईने मान वर केली नाही. गावाला वीज देणाऱ्या डीपीच्या लोखंडी खांबाशी जमिनीत एक खड्डा होता, त्यावर तिने घागर कलती केली. पाणी सावकाश आत जिरू दिले.

टँकर एक दिवसाआड येऊन विहिरीत रिता व्हायचा आणि घरटी दोन घागरी हाताला लागायच्या. त्यातली एक ही बाई खांबाला पाजत होती. गावाने आधी तिला वेडी ठरवले, मग नवऱ्याच्या माघारी खांबाचाच संसार करते म्हणून टिंगल केली. दोन्हीचा कंटाळा आल्यावर तक्रार चेअरमनांकडे गेली. सोसायटीची पिठाची गिरणी, टँकरची रांग आणि गावाची अब्रू, या तिन्ही गोष्टी तेच सांभाळत असत.

"माणसाला प्याया न्हाय अन् खांबाला आंघोळ?"

"माझ्या वाटचं हाय, चेअरमन. कुणाचं घेतलं न्हाय."

"वाटचं हाय म्हणून मातीत घालायचं? उद्यापसनं तुला एकच घागर. बघू मंग काय वततीस."

बनाबाईने रिकामी घागर काखेत घेतली. जाता जाता खांबाला ताण देणाऱ्या तिरक्या तारेला तिने उलटा हात लावला, तळहात नव्हे. हे तिला मच्छिंद्राने शिकवले होते. तळहाताने धरलेली तार झटका बसला की सोडता येत नाही, मूठच मिटते. उलटा हात निदान मागे तरी येतो.

मच्छिंद्र तिचा नवरा, वायरमन. बेंबळीपलीकडच्या या गावात पहिल्या तारा ओढायला तोच होता, आणि जेवताना भाकरीपेक्षा विजेचेच बोलणे जास्त. "बने, तीन तारा वीज आणत्यात, चौथी माघारी नेती," तो सांगे. "पर कुठं बिघाड झाला, तार खांबाला टेकली, की ती जमिनीतनं वाट काढती. जमीन वली असली की जोरात पळती, फ्यूज जळतंय अन् सगळं बंद पडतंय. जमीन वाळली की तिला पळता येत न्हाय. मंग ती खांबातच दबा धरून बसती." म्हणून खांबाची एक तार त्या खड्ड्यात पुरलेली, खड्ड्यात कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात वरून पाणी.

तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात त्याला नळदुर्गच्या बाजूला पडलेले खांब उभे करायला धाडले. निघताना सायकलवर बसूनच तो म्हणाला होता, "खड्ड्याला पाणी घालत जा. जमीन लई वाळलीय."

त्याच आठवड्यात त्याच्या आईला, भिमाबाईला, जुलाब-उलट्या लागल्या. पाणी तेव्हाही असेच मोजके. बनाबाईने घरातले सगळे पाणी मीठ-साखर घालून चमचा चमचा म्हातारीला पाजले. खड्डा तिला आठवत नव्हता असे नाही. उद्या घालू, म्हातारी जरा सावरली की घालू, असे करत तो कोरडा राहिला. म्हातारी उठून बसली, आणि त्याच दिवशी दिवेलागणीला मच्छिंद्र परत आला. घर डीपीच्या मागेच, म्हणून सायकल नेहमीप्रमाणे तिरक्या तारेला टेकवायला गेला.

तारेला लोखंडापासून अलग ठेवणारे वरचे चिनी मातीचे भांडे फुटून वीजवाहक तार लोखंडाला टेकली होती, असे साहेबांनी सांगितले, आणि ते खरेही होते. खड्ड्याचे नाव कुणी काढले नाही. बनाबाईनेही नाही. खड्डा ओला असता तरी तो वाचला असता की नाही, कोण जाणे. या एका 'कोण जाणे'वर ती तीन वर्षे जगत होती. डीपीची घूंघूं भिंतीतून ऐकू यायची आणि मधेच सायकलची घंटी वाजल्यासारखे व्हायचे. उठून बघावे तर सायकल जागच्या जागी, धूळ खात.

त्यात भिमाबाई दाराशी बसून रोज म्हणे, "मरान वाट चुकलं बघ, बने. माझ्याकडं निघालं अन् पोराकडं गेलं." हे ऐकले की बनाबाई उगीच चूल फुंकायला आत जाई.

चेअरमनांनी शब्द पाळला. दुसऱ्या खेपेपासून एकच घागर. बनाबाईने अर्धी म्हातारीला ठेवली, अर्धी खड्ड्यात ओतली, आणि स्वतः शेजारणीकडे ताक मागून प्याली.

मग एके दिवशी उन्हे कलताना वावटळ उठली. डीपीवर कडाडून आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, गिरणी धान्यासकट थांबली आणि घूंघूं बंद पडली. लोकांनी वीज खात्याचा उद्धार केला.

सकाळी बेंबळीहून नवा वायरमन वीरभद्र सायकलवर आला. सगळे बंद असल्याची खात्री करून वर चढला, बराच वेळ बघत राहिला आणि खाली येऊन म्हणाला, "वरचं भांडं फुटलंय. तार लोखंडावर पडलीय. काल हितं कुणी हुतं का?"

चेअरमनांच्या बायकोने, दगडाबाईने, हळूच सांगितले, "म्या व्हते. म्हस त्या तिरक्या तारेला बांधलेली. वारं सुटलं म्हणून सोडाया आल्ते."

वीरभद्राने खाली वाकून खड्ड्यातली माती चिमटीत धरली. "वली हाय म्हणून फ्यूज लगीच गेला. कोरडी असती तर तुमी अन् म्हस दोघी जाग्यावरच ऱ्हायल्या असत्या. पाणी कोण घालतंय हितं?"

सगळे बनाबाईकडे बघू लागले. चेअरमनांनी टोपी काढून हातात घेतली. "बनाबाई," ते म्हणाले, "उद्यापसनं तुमच्या तीन घागरी."

बनाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. "वला असला की माणूस वाचतंय? नक्की?" तिने वीरभद्राला विचारले.

"नक्की, ताई. तुमच्या पाण्यानंच वाचलं," तो कौतुकाने म्हणाला.

बनाबाई रडू लागली. बाया तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. त्यांना वाटले, बिचारीचे पांग फिटले. तिचे 'कोण जाणे' तेवढ्यात संपले होते, हे त्यांना कुठून कळणार?

गर्दीच्या मागे भिमाबाई काठी टेकून उभी होती. म्हातारीला ऐकू कमी येई, पण नको ते नेमके येई.

दुपारी डीपीची घूंघूं पुन्हा सुरू झाली आणि चेअरमनांच्या घरून भरली घागर आली. बनाबाईने तांब्या भरून सासूपुढे ठेवला. म्हातारी पाण्याकडे बघत राहिली.

"माझ्या दुखण्यात लई पाणी पाजलंस तू," ती म्हणाली. "कुठनं आणत व्हतीस?"

बनाबाई या वेळी चुलीकडे गेली नाही. तिथेच बसून राहिली.

म्हातारीने तिच्याकडे एकवार पाहिले. मग तांब्या उचलला आणि काठी टेकत टेकत बाहेर पडली. बनाबाई मागे धावली. भर उन्हात म्हातारी खड्ड्याशी कशीबशी टेकली.

"आत्या, घोटभर तरी प्या."

"प्याले की तवा," भिमाबाई म्हणाली आणि तांब्या उपडा केला.

मग उठण्यासाठी आधार म्हणून तिने तिरक्या तारेकडे हात लांबवला. तिचा हात पोचायच्या आत बनाबाईने आपला उलटा हात तारेला लावला. तार उन्हाने तापली होती, एवढेच.